पहिली चूक माफ

बँकेतल्या वीस वर्षांत मी पुष्कळ परिपत्रकं वाचली. म्हणजे सही करून पुढच्या टेबलावर सरकवली. पण रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या समितीचा एक अहवाल मात्र मी डोलवीच्या घरी, रविवारची वामकुक्षी बुडवून वाचला. आयआयटी मुंबईचे प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालच्या या समितीनं कृत्रिम बुद्धिमत्तेनं बँकांत कसं वागावं, ते 13 ऑगस्ट 2025 ला सांगितलं. सूत्रं 7, शिफारशी 26. सूत्र म्हटलं की मला योगसूत्र आठवतं, नाहीतर मंगळसूत्र; दोन्हींत संयम आला. इथलं एक सूत्र मात्र म्हणतं, संयमापेक्षा जबाबदारीनं केलेलं नवं काम बरं!

असो. मी अडलो तो दुसरीकडेच. यंत्रानं मर्यादा ओलांडली तर? समिती म्हणते, सगळी काळजी घेऊनही पहिल्यांदाच चूक झाली, तर बँकेला सुधारायला वाव द्यावा. ग्राहकाचं नुकसान मात्र बँकेच्या माथी.

माझा जीव जळला. नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात माझ्या कॅशमध्ये पाचशे रुपये कमी आले, ते माझ्याच खिशातून गेले. माझीही पहिलीच चूक होती. पण मी पडलो माणूस!

शेजारच्या काकांना हे ऐकवलं. त्यांची भातशेती धरमतरच्या खाडीकाठी. ते म्हणाले, "अरे, बांधाला खेकड्यानं भोक पाडलं, तर खेकड्यावर खटला भरतोस काय? ओहोटीला दिसलं तर दोन टोपल्या चिखलात भागतं. कोणी बोललंच नाही, तर उधाणात खांड जाते. मग दोन-तीन वर्षं भात विसर."

पटलं. जुलै 2025 मध्ये अमेरिकेत असंच झालं. रेप्लिट कंपनीच्या मदतनीस यंत्राला 'कशाला हात लावू नकोस' असं बजावलं होतं. त्यानं चालू डेटाबेसच पुसला, आणि वर सांगितलं, आता तो परत येणे नाही. तो परत आला! पुसणं ही चूक. दुसरी शुद्ध थाप. कंपनीच्या प्रमुखानं माफी मागितली आणि कामाचा डेटाबेस प्रयोगाच्या डेटाबेसपासून वेगळा करायला घेतला. म्हणजे तेव्हा कुठे बांध पडला. नुसतं बजावणं हा बांध नव्हे, हे आम्हा संसारी माणसांना आधीच ठाऊक होतं.

अहवालात अशा घटना कळवण्याचीही शिफारस आहे. माझ्या मते ती माफीपेक्षा मोलाची. आता अडचण एकच. यंत्राचं भोक आधी दिसणार कोणाला? खिडकीवरच्या कारकुनाला. आणि ज्यानं स्वतःची पहिली चूक खिशातून भरली, तो दुसऱ्याची चूक ओरडून सांगेल? तो मान खाली घालून व्हाउचर लावत बसेल. तेव्हा माफी द्यायची तर यंत्राबरोबर त्यालाही द्यावी. तरच भोक ओहोटीला कळेल.

माझे पाचशे मी परत मागत नाही. व्याजाचा तेवढा विचार व्हावा.