गाव वजा केलं की उरतं काय?

वैद्यकीय नियतकालिकांत हल्ली समूह-चाचणीचा, म्हणजे अख्खी गावं किंवा इस्पितळं गटांत वाटणाऱ्या चाचणीचा, लेख उघडला की एक वाक्य हमखास भेटतं: क्लस्टरिंगसाठी दुरुस्ती केली आहे. बस्स. कशी केली, समूहासमूहांत फरक किती निघाला, यावर अनेकदा चकार शब्द नाही. गाव किंवा इस्पितळ म्हणजे जणू चपलेला लागलेला चिखल. पद्धतींच्या परिच्छेदात धुऊन टाकला की कॉक्सचा हॅझर्ड रेशो चकचकीत होऊन घरात शिरतो.

या सोयीला १९८९ सालच्या वेई, लिन आणि वाइसफेल्ड यांच्या पद्धतीने प्रतिष्ठा दिली. रुग्ण स्वतंत्र आहेत असं धरून गणित करायचं आणि शेवटी ‘सँडविच’ सूत्राने प्रमाण त्रुटी तेवढी बदलायची. इतर वाटांपैकी, प्रत्येक समूहाची तुलना त्याच्याच आत करणारं स्तरीकरण डोळ्यांच्या जोडीला ठीक. अख्खं गावच एका गटात पडलं तर स्तरीकरणाला उपचाराचा परिणाम मोजताच येत नाही. कॉप्युला देखण्या आहेत, पण समूहात अडीच हजार माणसं आली की त्यांची दमछाक होते. डीप लर्निंगवाले तर बहुतेक वेळा रुग्ण कुठल्या वॉर्डातला हेही विचारत नाहीत.

उरते फ्रेल्टी. क्लेटनने १९७८ मध्ये कुटुंबांतल्या रोगाच्या निमित्ताने तिची चौकट मांडली, वॉपेल आणि सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी तिचं नामकरण केलं. समूहातल्या सगळ्यांच्या हॅझर्डला गुणणारा एक न दिसणारा घटक, सरासरी एक, प्रचरण थीटा. गॅमा फ्रेल्टीची गंमत थीटाला ०.२५ धरून बघावी. एका गावात चार मृत्यू अपेक्षित होते, झाले आठ. कच्चा हिशोब म्हणतो, धोका दुप्पट. फ्रेल्टी म्हणते, दीडपट: थीटाचा व्यस्त चार, चार अधिक आठ, भागिले चार अधिक चार. लहान गावाच्या आकड्यावर ती आंधळा विश्वास ठेवत नाही, पण त्या गावाचं नावही पुसत नाही.

पुण्यात या विषयाचं घराणंच आहे. देशपांडे-पुरोहित यांचं जीवितकाल-विश्लेषणाचं पुस्तक, हनगल यांचं २०११ सालचं फ्रेल्टीवरचं पुस्तक जाणकारांच्या हाताखालचं. तक्रार आहे ती जगभरच्या फ्रेल्टी-लेखांच्या उद्योगाबद्दल. नवं वितरण शोधायचं आणि ते मॅकगिलख्रिस्ट आणि ॲस्बेट यांच्या १९९१ सालच्या ३८ मूत्रपिंड-रुग्णांवर चालवून दाखवायचं! त्या ३८ जणांतला एकविसावा रुग्ण, एक पुरुष, डायलिसिसच्या नळीच्या जागी संसर्ग न होता एकदा १५२ आणि एकदा ५६२ दिवस टिकला. बाकीचे पुरुष बहुतेक लवकर गळले. त्याला वगळलं की फ्रेल्टीचा पुरावाच विरू लागतो. एका माणसाच्या खांद्यावर किती वितरणं उभी करायची?

खरी माहिती इथेच, धाराशिवात, तेव्हाच्या उस्मानाबादेत गोळा झाली होती. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तिथली चाचणी २००९ मध्ये छापून आली: १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ समूह, चार गट. एचपीव्ही तपासणीच्या गटात मृत्यूचा हॅझर्ड रेशो ०.५२. हा आकडा सर्वतोमुखी झाला; ५२ समूह एकमेकांपासून किती वेगळे होते, हे कोणी विचारत नाही. सरासरी समूह अडीच हजारांचा. समूहांतर्गत सहसंबंध अवघा एक सहस्रांश धरला तरी ढोबळ हिशोबाने अंदाजाचं प्रचरण साडेतीनपट होतं, आणि सव्वा लाखावर स्त्रियांची माहिती सदतीस हजारांच्या मोलाची उरते.

मुंबईत तर समूहच वीस. स्तनतपासणीच्या तिथल्या चाचणीचा २०२१ चा निकाल पाहा: दीड लाख स्त्रिया, मृत्युदराचं गुणोत्तर ०.८५, कॉन्फिडन्स इंटर्व्हल ०.७१ ते १.०१. एकाच्या रेषेला असा चिकटलेला निकाल कोणत्या बाजूला पडणार, हे समूह कसे हाताळले यावरच ठरू शकतं. वीस समूहांत थीटाही डळमळीतच निघेल, हा आक्षेप खरा. पण डळमळीत थीटा त्याच्या रुंद इंटर्व्हलसकट छापता येतो. सँडविच इतक्या थोड्या समूहांत प्रमाण त्रुटी सहसा कमी दाखवतं, आणि तेही बेमालूमपणे.

तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला सरासरी गावात काम करायचं नसतं. कोणत्या गावात मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त, हे त्याला हवं असतं, आणि फ्रेल्टीचे अंदाज नेमकं तेच सांगतात. वीस किंवा बावन्न आकड्यांच्या तक्त्याला अर्धं पान पुरतं. तो तक्ता आणि थीटा नसलेला समूह-चाचणीचा लेख संपादकांनी परीक्षकांकडे न पाठवता थेट लेखकांना परत करावा.