दुःस्वप्ननगरीचे रसिक

कीर्तनांत कलियुगाचें वर्णन चाललें असतां श्रोतृसमुदायाकडे आमच्या वाचकांनीं कधीं निरखून पाहिलें आहे काय? भागवताच्या बाराव्या स्कंधांत आलेलें तें भविष्य मोठें भयंकर आहे. राजे चोर होतील, आप्त आप्तांस ओळखणार नाहींत, पाऊस पडणार नाहीं, मनुष्याचें मोल त्याच्या द्रव्यावरून ठरेल. हें ऐकतांना श्रोत्यांनीं हाय हाय करावयास हवें. परंतु प्रत्यक्षांत ते मोठ्या समाधानानें माना डोलवीत असतात. कारण प्रत्येकाला त्या वर्णनांत कोणी तरी ओळखीचा सांपडलेला असतो. मात्र तो ओळखीचा मनुष्य बहुधा शेजारी असतो. श्रोता स्वतः कधींच नसतो.

हा अनुभव येथें सांगण्याचें कारण असें, कीं आम्ही स्वतः अशाच एका आधुनिक कलिवर्णनाचे निस्सीम भक्त आहों. टॉमस मोर यानें १५१६ सालीं 'युटोपिया' लिहून आदर्शनगरीचें चित्र जगापुढें ठेवलें. त्याच्या उलट जी सर्वस्वीं वाईट नगरी, तिला 'डिस्टोपिया' असें म्हणतात. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८६८ सालीं ब्रिटिश पार्लमेंटांत आयर्लंडविषयीं बोलतांना विरोधकांना 'डिस्टोपियन' म्हटल्याचें प्रसिद्धच आहे. आपण तिला दुःस्वप्ननगरी म्हणूं. हक्स्लेची १९३२ सालची व ऑर्वेलची १९४९ सालची कादंबरी आम्हीं तरुणपणीं वाचली, आणि तेव्हांपासून जें हें वेड लागलें तें दूरचित्रवाणीवरील मालिकांनीं दुप्पट केलें. चिंचवडास आमच्या घरीं रात्रीचीं जेवणें आटोपलीं, कीं आम्ही सहकुटुंब एखाद्या उद्ध्वस्त, निर्दय, कॅमेऱ्यांनीं वेढलेल्या राज्यांत दोन तास सुखानें घालवितों. 'सुखानें' हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजिला आहे. या सुखाचा उगम कोठें, आणि तें निर्दोष आहे काय, याचा विचार करावा एवढाच या लेखाचा हेतु.

हा प्रश्न मराठी टीकेला नवा नाहीं. करुण आणि भयानक या रसांपासून आनंद कां व्हावा, यावर आपल्याकडे पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनांत अध्यक्षपदावरून बोलतांना न. चिं. केळकर यांनीं 'सविकल्प समाधि' ही आपली उपपत्ति मांडली. वाचक स्वतःची भूमिका न सोडतां दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो आणि या एकाच वेळीं दोन ठिकाणीं असण्यांतच वाङ्मयाचा आनंद आहे, असा तिचा मथितार्थ. दुःस्वप्ननगरीच्या रसिकाला ही उपपत्ति अगदीं चपखल बसते. पडद्यावरचा मनुष्य तुरुंगांत असतो. आम्ही त्याच्याबरोबर तुरुंगांत असतों आणि त्याच वेळीं आपल्या बैठकीच्या खोलींत चहाहि पीत असतों.

परंतु या उपपत्तींतून एक प्रश्न उद्भवतो, तो असा: दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरावयाचें खरें, पण कोणत्या दुसऱ्याच्या? दुःस्वप्ननगरींत पुष्कळ माणसें असतात. पीडित असतो, बंडखोर असतो, जुलमी सत्ताधीश असतो. आणि या सर्वांहून संख्येनें किती तरी अधिक असे कारकून, पहारेकरी व शेजारी असतात, ज्यांच्यावांचून ती नगरी एक दिवस चालणार नाहीं. आम्हां रसिकांची खोड अशी, कीं आम्ही नेहमीं बंडखोराच्या शेजारीं जाऊन बसतों. आमच्या मतें या प्रकारच्या कृतीची खरी कसोटी हीच, कीं ती आम्हांला तेथें निवांत बसूं देते, कीं हाताला धरून कारकुनाच्या खुर्चीवर नेऊन बसविते.

ऑर्वेलची कादंबरी या कसोटीला पूर्णपणें उतरते. तिचा नायक विन्स्टन स्मिथ हा बंडखोर म्हणून वाचकांच्या लक्षांत राहतो. पण त्याचा पेशा काय, हें बहुतेक विसरतात. जुन्या वृत्तपत्रांतील मजकूर सत्तेच्या सोयीप्रमाणें बदलून खोटा इतिहास तयार करणें हें त्याचें काम. आणि त्या कामांत तो निष्णात आहे, एवढेंच नव्हे तर त्याच्या आयुष्यांतील सर्वांत मोठें सुख त्याला त्याच कामांत मिळतें! ज्या राज्याचा तो द्वेष करतो, त्याचा एक खांब तो स्वतःच्या खांद्यावर झेलीत आहे. बिहारांतील मोतीहारी येथें १९०३ सालीं जन्मलेल्या या लेखकानें १९४१ ते १९४३ या काळांत बी. बी. सी.मध्यें बसून हिंदुस्थानाकरितां युद्धकाळांतील प्रचाराचे कार्यक्रम तयार केले होते. कारकुनाची खुर्ची त्याला आंतून ठाऊक होती, हें त्याच्या लेखणीला चांगलेंच मानवलें आहे.

मार्गारेट ॲटवुड यांची १९८५ सालची 'द हँडमेड्स टेल' ही कादंबरी आणि २०१७ ते २०२५ या काळांत सहा पर्वें चाललेली तिच्यावरील मालिका यांची तुलना या दृष्टीनें उद्बोधक ठरते. कादंबरींतील सर्वांत भयंकर प्रसंग फांशींचा नव्हे. एके दिवशीं देशांतील सर्व स्त्रियांच्या नोकऱ्या जातात व बँकांतील त्यांचीं खातीं गोठविलीं जातात. नायिका हतबुद्ध होऊन घरीं येते. तिचा पति प्रेमळ व सुशिक्षित आहे. तो तिला धीर देतो, मी आहें ना, असें सांगतो. आणि तिच्या मनांत चोरपावलानें शंका शिरते, कीं याला या गोष्टीचें फारसें वाईट वाटलेलें नाहीं! हें वाचतांना आमच्यासारख्या गृहस्थाला पुस्तक क्षणभर खालीं ठेवावें लागतें. मालिकेचीं पहिलीं पर्वें प्रभावी आहेत. पण पुढें पुढें ती नायिकेच्या पराक्रमाची कथा होत जाते. आम्ही तीहि आवडीनें पाहिली, हें कबूल करतों. परंतु पुस्तकानें आम्हांला अस्वस्थ केलें होतें. मालिकेच्या शेवटच्या पर्वांनीं केवळ उत्सुक केलें.

आपल्याकडील दोन मालिकांबद्दलहि हेंच म्हणतां येईल. २०१९ सालची 'लैला' ही प्रयाग अकबर यांच्या इंग्रजी कादंबरीवर आधारलेली. आर्यावर्त नांवाच्या भावी राज्यांत शुद्धतेच्या नांवाखालीं हिरावून नेलेल्या मुलीचा शोध घेणाऱ्या आईची ती कथा. पाण्याची टंचाई, वस्तीवस्तींमधील भिंती, कचऱ्याचे डोंगर हें सर्व तींत डोळ्यांपुढें उभें राहतें. पण तेथील दुष्ट माणसें पाहतांक्षणींच दुष्ट म्हणून ओळखूं येतात, आणि प्रेक्षक निर्धास्त होतो. त्याच्या आदल्या वर्षींची 'घूल' ही वरकरणीं भुताची गोष्ट, आणि अवघ्या तीन भागांची. पण पुण्यांत वाढलेल्या राधिका आपटे यांनीं तींत रंगविलेली तरुण अधिकारी राष्ट्रनिष्ठेच्या भरांत आपल्या प्राध्यापक पित्यालाच सरकारच्या हवालीं करते. तिचा हेतु शुद्ध आहे, मुद्रा निष्कपट आहे. भुताहून या निष्कपट मुद्रेचेंच भय आम्हांला अधिक वाटलें.

येथें आमच्या गांवाची एक आठवण सांगणें प्राप्त आहे. दारें फोडून आंत शिरणारे शिपाई आणि माणसांना घरांतून उचलून नेणाऱ्या छावण्या या चिंचवडकरांस कल्पनेनें निर्माण कराव्या लागत नाहींत. १८९७ सालीं प्लेगच्या निमित्तानें पुण्यांत रँडसाहेबाच्या अधिकाराखालीं घरझडतीचा जो प्रकार झाला, त्यानें संतापून त्याच्यावर शस्त्र उचलणारे चापेकर बंधु हे आमच्या चिंचवडचेच, आणि एका कीर्तनकाराचे पुत्र. तिघेहि भाऊ १८९८ व १८९९ या सालांत फांशीं गेले. चापेकर वाड्यावरून जातांना आम्हांला नेहमीं वाटे, कीं तशी वेळ आली तर आपणहि कोणत्या बाजूस उभे राहूं हें ठरलेलेंच आहे.

वेळ आली ती २०२० सालीं, आणि अगदीं निराळ्या वेषांत आली. साथ पुन्हां आली होती. मात्र दाराशीं गोरा शिपाई नव्हता. आमच्याच इमारतींत एक कागद फिरला: अमुक मजल्यावर भाड्यानें राहणाऱ्या परिचारिकेनें रुग्णालयांतून परत इमारतींत येऊं नये, दुसरीकडे सोय पाहावी. कागदाची भाषा अतिशय सभ्य होती. त्यावर सर्वांच्या सह्या होत्या, त्यांत आमचीहि आहे. त्याच आठवड्यांत आम्ही रोज रात्रीं 'द हँडमेड्स टेल' पाहत होतों आणि पडद्यावरच्या निर्दय शेजाऱ्यांवर मनापासून संतापत होतों. हा विसंवाद ध्यानांत येण्यास आम्हांला कित्येक महिने लागले. ती बाई तोंवर घर सोडून गेली होती.

तेव्हांपासून या वाङ्मयाकडे पाहण्याची आमची दृष्टि पालटली. २०२२ सालीं सुरू झालेल्या 'सेव्हरन्स' या मालिकेचें उदाहरण घ्या. तींत एक कंपनी नोकरांच्या मेंदूंत शस्त्रक्रियेनें अशी व्यवस्था करते, कीं कचेरींत असतां घर आठवूं नये आणि घरीं असतां कचेरी आठवूं नये. कचेरींतला जीव कधींच बाहेर पडत नाहीं. त्याचा दिवस संपतो तोंच दुसरा सुरू होतो. नायक पत्नीवियोगाचें दुःख दिवसांतून आठ तास तरी विसरावें म्हणून ही शस्त्रक्रिया आपण होऊन करून घेतो. म्हणजे येथें गुलाम आणि त्याला विकणारा मालक हे दोघे एकाच देहांत राहतात! एका कारखान्यांत पस्तीस वर्षें पाळ्या करून निवृत्त झालेले आमचे शेजारी ही मालिका आमच्याकडे पाहण्यास आले होते. आम्हीं विचारलें, "काका, कशी वाटली?" ते म्हणाले, "यांत नवल तें काय? गेटाच्या आंत गेलों कीं घर बाहेर ठेवावेंच लागे. फक्त आम्हांला सगळें आठवत असे." १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हांपासून आमच्या या पट्ट्यानें आदर्शनगरीचीं स्वप्नें पाहिलीं व त्यांवर पोटहि भरलें, परंतु त्या स्वप्नाचा हिशेब असा एका वाक्यांत मांडलेला आम्हीं पूर्वीं ऐकला नव्हता.

मराठींत या प्रकारची कृति कोणती, असें विचारल्यास आम्ही जयंत नारळीकर यांच्या 'यक्षांची देणगी' या संग्रहांतील 'पुत्रवती' या कथेचें नांव घेऊं. तींत हुकूमशहा नाहीं, गणवेष नाहीं, तुरुंग नाहीं. हवें तें अपत्य मिळविण्याची युक्ति विज्ञानानें माणसाच्या हातीं दिली तर काय होईल, एवढाच प्रश्न. आणि आपल्या समाजाला काय हवें असतें, हें सांगावयास लेखकाची गरज नाहीं. महाराष्ट्रानें गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला तो १९८८ सालीं, देशानें केला तो १९९४ सालीं. कथा त्याच्या आधींची. पुढें २००१ च्या खानेसुमारींत महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागें मुली ९१३ होत्या, आणि २०११ सालीं त्या ८९४ झाल्या. या न जन्मलेल्या मुलींना कोणत्याहि सत्ताधीशानें नेलें नाहीं. तीं घरें आमच्यासारखींच सुशिक्षित, सणवार पाळणारीं, आणि कदाचित् रात्रीं मालिकाहि पाहणारीं होतीं. दुःस्वप्ननगरी वसविण्यास भिंती लागतातच असें नाहीं, ही गोष्ट या लहानशा कथेनें जितक्या साधेपणानें दाखविली तितकी मोठमोठ्या मालिकांना दाखवितां आलेली नाहीं.

यावर कोणी म्हणेल, कीं मग हा शौक सोडून कां देत नाहीं? आम्हांला तें मान्य नाहीं. भयानकाचा आस्वाद घेणें यांत पाप नाहीं. केळकरांचीच परिभाषा वापरावयाची, तर दोष समाधींत नसून आपण कोणाच्या भूमिकेंत शिरण्याचें टाळतों यांत आहे. बंडखोराबरोबर धांवण्याचा आनंद आम्ही पुढेंहि घेऊं. मात्र प्रत्येक कृति संपल्यावर एक प्रश्न स्वतःस विचारण्याची संवय आम्हीं लावून घेतली आहे, व तीच वाचकांसहि सुचवितों: या नगरींत आपल्या वयाचा, आपल्या पगाराचा, आपल्यासारखा सभ्य मनुष्य कोठें आहे, आणि तो काय करीत आहे? ज्या कृतींत तो सांपडत नाहीं, ती मनोरंजक असली तरी अपुरी समजावी. आणि जींत तो सांपडतो, ती पाहून झाल्यावर आपल्या जिन्यावरून फिरणाऱ्या कागदावर सही करण्यापूर्वीं तो कागद एकवार पुन्हां वाचावा.