गोडसे भटजींची भीती

‘माझा प्रवास’ मी पहिल्यांदा वाचले ते झाशीच्या राणीसाठी. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी तहानलेली राणी भटजींना भेटते, तेवढा प्रसंग गाठायचा आणि मागचीपुढची पाने चाळून टाकायची, अशी माझी रीत होती. बहुतेकांची तशीच असावी. यंदा मात्र पुस्तक सलग वाचले आणि विष्णुभटांची जी साहसी मूर्ती मनात होती ती ढासळली. बरे झाले.

पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे निघाला तो काही जग पाहायला नव्हे. घरात कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल, अशी वार्ता आली होती. वडील सहजासहजी परवानगी देईनात. अखेर काका बरोबर आहेत म्हणून निघणे झाले. हिशेब कसा अगदी जपून मांडलेला! पुढे महूच्या वाटेवर शिपायांनी बंडाची चाहूल दिली. परत फिरणे शहाणपणाचे होते. चुलते-पुतणे पुढेच गेले. याला कोणी धाडस म्हणेल. मला ते पटत नाही. रिकाम्या हाताने घरी कसे जायचे ही लाजही भीतीच्याच पोटची, आणि पुष्कळदा माणसाला तीच पुढे ढकलते.

परंतु १८५८च्या झाशीच्या वेढ्यात निराळेच काही घडते. शहर पडते, कत्तल सुरू होते, भटजी लपून बसतात, आणि आपली घाबरगुंडी जराही न लाजता सांगतात. तरी या माणसाचे डोळे काही मिटत नाहीत. रात्री तोफांचे गोळे आकाशात कसे दिसत, राणीचा दिनक्रम काय, वेष कोणता, सारे त्याने टिपून ठेवलेले. कुतूहलाला शौर्याचे भावंड मानायची आपल्याला सवय आहे. पण शूराला लढायचे असते. इतके निरखायला त्याला सवड कुठली? मला विशीत दिल्लीची एक नोकरी चालून आली होती. पेन्शनीचा हिशेब करून मी इथेच राहिलो, आणि ‘स्वभावच भित्रा’ असे सांगत आलो. भटजींनी ती सबब माझ्याकडून काढून घेतली. भित्रे तेही होते.

हे सारे त्यांनी लिहिले ते पंचवीसेक वर्षांनी. चिंतामणराव वैद्यांनी ते छापले १९०७ साली, भटजींच्या मृत्यूनंतर, आणि तेही भाषेत फेरफार करून. मूळ संहिता वाचकांच्या हाती आली ती दत्तो वामन पोतदारांमुळे, १९६६ साली. थांबल्याबद्दल मी वैद्यांना दोष देणार नाही. इंग्रजी अमलात बंडाची हकीकत छापणे ही चेष्टा नव्हती, आणि जपून ठेवली म्हणून तर ती उरली. पण भाषेला हात लावला तो लावायला नको होता. घाबरलेल्या माणसाचे बोलणे नीटनेटके केले की त्याची भीतीही शहाण्यासारखी दिसू लागते.

झाशीत मिळकत लुटली गेली. भटजी घरी परतले ते आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन. ज्या कर्जापायी ते निघाले होते त्याचे पुढे काय झाले, हे विचारायचे मला पुस्तक मिटेपर्यंत सुचले नाही.