'दुखणं कमी झालं' : पण किती, आणि कशाच्या बदल्यात?

स्कोलिओसिस, म्हणजे वाकलेला पाठीचा कणा, सरळ करायची शस्त्रक्रिया मोठी असते. मणक्यांत स्क्रू बसवून सळ्या जोडतात. पुढचे दोन-तीन दिवस प्रचंड दुखतं. त्यावर एक उपाय म्हणजे शिरेतून मॉर्फिन. दुसरा एपिड्युरल: जखम शिवण्याआधी मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक नळी ठेवायची आणि तिच्यातून बधिर करणारं औषध सोडत राहायचं.

यातलं बरं कोणतं? मुलांवरच्या चाचण्या एकत्र करून 2019 च्या कॉक्रेन आढाव्याने सांगितलं, की एपिड्युरलने 72 तासांपर्यंत वेदना थोडी जास्त कमी होत असावी. पुरावा मध्यम ते कमी दर्जाचा. निष्कर्ष प्रामाणिक आहे. माझं म्हणणं वेगळं आहे: निव्वळ वेदनेच्या आकड्यावर या दोन उपायांची तुलना करणंच अपुरं आहे.

एक तर 'थोडी' म्हणजे किती? 100 मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर साधारण 10 चा फरक रुग्णाला जाणवतो, असं 2017 च्या एका अभ्यासात दिसलं. त्याहून कमी फरक आकडेमोडीत 'सिद्ध' झाला, तरी पेशंटला त्याचं काय? आणि वेदना विचारली कधी? निपचित पडलेला असताना, की कुशीवर वळताना? खरी परीक्षा वळतानाच असते.

सगळ्यात महत्त्वाचं, पाय. या शस्त्रक्रियेनंतर नर्स पुन्हापुन्हा "पाय हलव बघू" म्हणते, कारण आत रक्त साचून मज्जारज्जू दबला तर पायातली ताकद जाते. पण एपिड्युरलच्या औषधानेही पाय जड पडू शकतो. मग हे औषधामुळे की रक्तामुळे? वेदनेच्या आकड्यात हा प्रश्न दिसतच नाही.

"आमच्या चाचणीत असं एकदाही घडलं नाही" यावरही लगेच विसंबू नका. 100 जणांत शून्य वेळा घडलेली गोष्ट प्रत्यक्षात 3 टक्क्यांपर्यंत घडत असू शकते, एवढं साधं गणित आहे.

एपिड्युरल वाईट, असं मी म्हणत नाहीये. पण घरातल्या कुणासाठी निवड करायची वेळ आली, तर "दुखणं किती कमी होईल?" एवढ्यावर थांबू नका. "पायाची ताकद कोण, किती वेळाने तपासणार? पाय जड वाटला तर औषध थांबवून बघणार का?" हेही विचारा. पुढच्या चाचण्यांनीही हेच मोजायला हवं.