कार्ड मेलंय, की यादीतून नाव गेलंय?

"लिनक्सवर जुनं हार्डवेअर कधी मरत नाही." हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. मीही ज्युनिअर्सना बिनधास्त सांगायचो. आता सांगत नाही. वाक्य खोटं नाहीये, पण अर्धं आहे. आणि न सांगितलेल्या अर्ध्यापायी माणूस चांगलं कार्ड फेकतो, कधी डेटाही घालवून बसतो.

एक ठोस उदाहरण घेऊ. एलएसआय कंपनीची एसएएस२००८ ही चिप. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या कंट्रोलर कार्डावर ती बसते. डेल आणि आयबीएमच्या कार्डांवरही ती असायची. सेंटओएस ७ वर ती निमूट चालते. पण सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. म्हणून तुम्ही रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ किंवा ९ टाकायला घेता, आणि इन्स्टॉलरमध्ये डिस्कची यादी रिकामी! मग केबल काढून लावा, स्लॉट बदला, आणि शेवटी निदान ठरलेलं: "कार्ड गेलं."

कार्ड गेलेलं नसतं. प्रत्येक पीसीआय कार्ड आपली ओळख दोन आकड्यांत सांगतं: बनवणाऱ्याचा आकडा आणि उपकरणाचा आकडा. या चिपची ओळख १०००:००७२. ड्रायव्हरजवळ अशा आकड्यांची यादी असते. जुळलं तर ड्रायव्हर कार्ड हातात घेतो, नाही तर ढुंकूनही बघत नाही. लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये एमपीटी३एसएएस ड्रायव्हरच्या यादीत हा आकडा आहे. २०१९ मध्ये रेड हॅटची ८वी आवृत्ती आली, तेव्हा त्यांनी आपल्या कर्नलमध्ये तो बंद केला. ड्रायव्हर आहे, त्यावर नवी कार्डं चालतात. फक्त तुमच्या कार्डाचं नाव हजेरीतून कापलंय.

रेड हॅटची बाजूही समजून घेऊ. वर्षानुवर्षं सपोर्टची हमी द्यायची, तर प्रत्येक जुनं कार्ड तपासत बसणं परवडत नाही. काढलेल्या उपकरणांची यादी त्यांनी छापलेलीही आहे. मान्य. माझी तक्रार वेगळी आहे. "आम्ही जबाबदारी घेत नाही" आणि "हे चालत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रिकाम्या यादीसमोर बसलेल्या माणसाला दोन्ही सारख्याच दिसतात.

कोड खुला असल्याचा फायदा इथे होतो, पण आपोआप नाही. ईएलरेपो हा प्रकल्प असे वगळलेले ड्रायव्हर वेगळे बांधून देतो. मे २०२४ मधल्या अल्मालिनक्स ९.४ ने एमपीटी३एसएएससह अनेक ड्रायव्हरांमधली काढलेली उपकरणं परत घेतली. म्हणजे कोणीतरी बसून ते काम केलं, म्हणून कार्ड जगलं. उरलेलं अर्धं वाक्य हेच.

तेव्हा निदान करताना क्रम पाळा. आधी एलएसपीसीआय चालवा. कार्ड तिथेच दिसत नसेल, तर स्लॉट, बायोस किंवा कार्ड यांच्यावर संशय घ्या. दिसतंय, पण "ड्रायव्हर वापरात" ही ओळ नाही? मग मॉडइन्फोने ड्रायव्हरची यादी काढा आणि तुमचा आकडा शोधा. नसेल, तर दोष कार्डाचा नाही. खात्री हवी असेल तर डेबियनच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा. डिस्क दिसल्या, की प्रश्न मिटला.

आणि तोवर डिस्कवर काही लिहू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. रेड लिनक्सच्या एमडी-अ‍ॅडमने केलेलं असेल, तर त्याची माहिती डिस्कवरच असते आणि दुसऱ्या साध्या कंट्रोलरवरही ते जुळतं. पण रेड कार्डानेच केलेलं असेल, तर दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला ती मांडणी कळेलच असं नाही. ते "इनिशियलाइझ करू का?" विचारतं. घाईत "हो" म्हटलं, की कोणाच्या तरी पीएचडीची तीन वर्षांची मोजमापं गेली. कार्ड मात्र शेवटपर्यंत धडधाकट होतं.