पाणी कोणाचे? : ‘पाणी पंचायत’ ही संज्ञा आणि तिचे नियम यांचा अर्थविचार

(१)

पर्यावरणाचे जतन, सामाजिक समता आणि स्थानिक अर्थकारण ही तीन उद्दिष्टे स्वयंसेवी संस्थांच्या निवेदनांत बहुधा एकाच वाक्यात आढळतात. त्यांना जोडणारे पद ‘आणि’ हे असते. ‘आणि’ हे समुच्चयबोधक अव्यय होय. ते दोन पदांना शेजारी बसविते. त्यांच्यात कार्यकारणसंबंध मात्र प्रस्थापित करीत नाही. म्हणूनच एखाद्या संस्थेच्या कार्याची परीक्षा करताना तिने ही तीन नामे उच्चारली किंवा कसे, एवढे पाहून भागत नाही. ती नामे ज्या नियमाने परस्परांशी बांधली गेली तो नियम कोणता, हे शोधावे लागते. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात उदयास आलेल्या ‘पाणी पंचायत’ या प्रयोगाच्या नियमांचे या दृष्टीने परीक्षण केले आहे. या नियमांचा गुण, त्यांतील उणीव आणि पुढील काळात या संज्ञेचे झालेले अर्थांतर, असा विवेचनाचा क्रम आहे.

(२)

१९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात सुरू झालेल्या दुष्काळी कामांवर लोक खडी फोडीत होते. ते दृश्य पाहून पुण्याचे अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे या भागाकडे वळले. नायगाव येथील देवस्थानची सुमारे ४० एकर उतारावरील पडीक जमीन त्यांनी भाडेपट्ट्याने घेतली. तेथे समपातळीतील बांध, पाझर तलाव, त्याखाली विहीर आणि विहिरीतून पुन्हा वर उपसा, अशी रचना त्यांनी केली. १९७४ साली ‘ग्राम गौरव प्रतिष्ठान’ स्थापन झाले आणि त्यामार्फत शेतकऱ्यांच्या गटांसाठी उपसा सिंचनाच्या योजना उभ्या राहू लागल्या. साळुंखे यांचे निधन २००२ साली झाले.

या योजनांचे मुख्य नियम पुढीलप्रमाणे सांगता येतात. योजना व्यक्तीसाठी न करता गटासाठीच करावयाची. पाण्याचा वाटा माणशी अर्धा एकर व कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर इतका. पाण्याचा हक्क जमिनीशी निगडित नाही. जमीन विकली तरी हक्क तिच्याबरोबर जात नाही. भूमिहीनांनाही पाण्याचा हक्क आहे. ऊस व तत्सम बारमाही पिके घ्यावयाची नाहीत. खर्चाचा २० टक्के भाग सभासदांनी स्वतः उभा करावयाचा. उरलेल्यापैकी ५० टक्के शासकीय अनुदान व ३० टक्के प्रतिष्ठानचे बिनव्याजी कर्ज, अशी मूळ कल्पना होती. पाण्याच्या पाळ्या सांभाळण्यासाठी गटाने आपला पाटकरी नेमावयाचा.

(३)

हे नियम वरवर पाहता सुट्या सुट्या विधानांची यादी वाटतात. ऊसबंदी हा पर्यावरणाचा, माणशी वाटा हा समतेचा आणि २० टक्क्यांचा भाग हा अर्थकारणाचा नियम, अशी त्यांची विभागणी अभ्यासक सहज करतात. परंतु ही विभागणी टिकत नाही.

‘माणशी अर्धा एकर’ हे परिमाण मुळात विचित्र आहे. एकर हे जमिनीचे माप होय. येथे ते पाण्यासाठी वापरले आहे. अर्धा एकर पाणी म्हणजे किती, या प्रश्नाला पीक ठरविल्याशिवाय उत्तर नाही. ज्वारीचा अर्धा एकर आणि उसाचा अर्धा एकर यांना लागणाऱ्या पाण्यात कित्येक पटींचे अंतर आहे. शेजारच्याने ऊस लावला, तर दोघांचे वाटे कागदावर समान राहूनही प्रत्यक्षात समान राहत नाहीत. तेव्हा ऊसबंदी हा समतेच्या नियमास मागाहून जोडलेला सदुपदेश नव्हे. तिच्याशिवाय वाट्याचे मापच अनिश्चित राहते. ती मापाची व्याख्या आहे. निसर्गाची मर्यादा आणि माणसांतील समता या नियमावलीत दोन वाक्ये होऊन येत नाहीत. एका वाक्याचे ते दोन अर्थ आहेत. ‘आणि’ या अव्ययाची येथे गरजच उरत नाही.

दुसरा मुद्दा षष्ठीचा. ‘पाणी कोणाचे?’ या प्रश्नाचे महाराष्ट्रातील जुने उत्तर पाहावयाचे असेल, तर धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरील फड पद्धतीकडे जावे लागते. बंधाऱ्याखालच्या थळाचे फड पाडलेले असत. एका फडात त्या वर्षी एकच पीक घेतले जाई आणि फडांची पिके पाळीपाळीने बदलत. पाटकरी, जागल्या, हवालदार हे सेवक पाणी फिरवीत व राखीत. पिकाची शिस्त, पाळीची शिस्त आणि गावाने नेमलेला पाटकरी हे सारे फड पद्धतीत शेकडो वर्षे होते. मग पाणी पंचायतीचे नवे ते काय? फडातील पाणी थळातल्या शेताचे होते. शेत असेल त्याला पाणी, शेत मोठे असेल त्याला अधिक पाणी; थळाबाहेरच्या माणसाचा प्रश्नच त्या व्यवस्थेत उद्भवत नसे. पाणी पंचायतीने ‘शेताचे पाणी’ या पदसमूहातील षष्ठ्यन्त पद बदलले आणि ‘माणसाचे पाणी’ असा नवा संबंध मांडला. शब्द जुने, पाटकरीही जुनाच. परंतु स्वामी बदलला. या प्रयोगाचे वैचारिक सामर्थ्य एवढ्या एका बदलात आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर १९८० नंतरच्या दशकात उभ्या राहिलेल्या ‘बळीराजा’ धरणाच्या चळवळीनेही भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा समान वाटा हे तत्त्व स्वीकारले. यावरून ही कल्पना एका व्यक्तीच्या सद्भावनेपुरती राहिली नव्हती, हे दिसून येते.

(४)

तथापि या नियमावलीत उणिवा आहेत व त्या नियमांच्या भाषेतच दिसतात. ‘भूमिहीनांनाही पाण्याचा हक्क आहे’ या वाक्यात हक्क आहे, क्रिया नाही. ज्याला जमीन नाही त्याने आपले पाणी कोठे सोडावयाचे? त्याला वाट्याने वा खंडाने दुसऱ्याची जमीन करावी लागते, म्हणजे जमीनधारकाच्या संमतीवर अवलंबून राहावे लागते. वाटा मोजला जातो तो एकरात. त्यामुळे ज्या जमिनीपासून पाणी मुक्त केले असे म्हणावयाचे, तीच मापाच्या रूपाने परत येते. प्रत्यक्षात भूमिहीनांना लाभ अल्प झाला, याचे कारण कार्यकर्त्यांच्या अनास्थेत शोधण्याऐवजी या मापात शोधणे अधिक युक्त ठरेल. हक्क घनमापात दिला असता व तो गटातच देण्याघेण्याची मुभा ठेवली असती, तर भूमिहीनाच्या हाती काही सौदाशक्ती आली असती.

दुसरी उणीव कुटुंबाच्या मर्यादेची. माणशी अर्धा एकर व कुटुंबास अडीच एकर म्हणजे पाच माणसांपर्यंतच माणूस हे परिमाण चालते. सातजणांच्या कुटुंबातील उरलेली दोन माणसे हिशेबातून गळतात. मोठ्या घरांनी पाणी अडवू नये हा त्यामागील हेतू समजण्याजोगा आहे. परंतु वाटा माणसाचा म्हणून मोजावयाचा आणि कुटुंबाचा म्हणून द्यावयाचा, यामुळे घरातील स्त्रीचा अर्धा एकर मोजणीपुरताच तिचा राहतो. हक्काचा कर्ता घरचा कर्ताच ठरतो.

तिसरी अडचण नियमांच्या बाहेरची. उपसा योजनेत पाणी वर चढते ते विजेवर. पाण्याचा वाटा समान ठरला तरी विजेचे देयक भरण्याची ऐपत समान नसते. ज्या गटांत देयक थकले तेथे समतेचा नियम मोडण्यापूर्वी पंपच बंद पडला.

(५)

मराठीत ‘पंचायत’ या शब्दास दोन अर्थ आहेत: पंचांची सभा आणि अडचण. ‘माझी मोठी पंचायत झाली’ असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा त्याला सभा अभिप्रेत नसते. पाणी पंचायतीच्या पहिल्या पिढीने दुसऱ्या अर्थाला पहिल्याने उत्तर दिले: पाण्याची पंचायत पंचायतीनेच सोडवावयाची. पुढे मात्र ही संज्ञा प्रवासास निघाली आणि अर्थ मागे राहिला.

ओडिशा राज्याने २००२ साली ‘पाणी पंचायत’ या नावानेच कायदा केला. परंतु त्यातील पंचायत ही कालव्याच्या लाभक्षेत्रातील जमीनधारकांची संस्था आहे. महाराष्ट्रात २००५ साली सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयीचा अधिनियम झाला. त्याने ‘पाणी वापर संस्था’ ही संज्ञा रूढ केली व सभासदत्व लाभक्षेत्रातील जमिनीच्या धारकांशी आणि भोगवटादारांशी जोडले. दोन्ही ठिकाणी सहभाग आला, पाणीपट्टीची शिस्त आली. षष्ठी मात्र पुन्हा शेताकडे गेली. एका राज्याने नाव घेतले व अर्थ सोडला. ज्या राज्यात अर्थ जन्मला त्याने नावही सोडले.

‘समन्यायी’ या शब्दाचा इतिहासही असाच आहे. दक्षिण महाराष्ट्रातील पाणी चळवळींत ‘समन्यायी वाटप’ म्हणजे प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालासुद्धा, पाणी. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात खोऱ्यातील धरणांचे साठे ऑक्टोबरअखेर अशा रीतीने नियंत्रित करण्याची तरतूद आली, की पाण्याच्या उपलब्धतेची टक्केवारी जवळपास समान राहावी. नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याच्या वादात वृत्तपत्रांनी या कायद्यास ‘समन्यायी पाणीवाटप कायदा’ असे संबोधले. हा न्याय धरणाधरणांतील व प्रदेशाप्रदेशांतील आहे. तो आवश्यक असेलही; परंतु खालच्या धरणात आलेले पाणी कोणाच्या शेतात जाते आणि त्यावर कोणते पीक उभे राहते, याविषयी तो मौन पाळतो.

(६)

यावर असा आक्षेप संभवतो, की शब्दांच्या अशा चिकित्सेने पाण्याचा एक थेंबही वाढत नाही, आणि कार्य करणाऱ्यास व्याकरणाच्या कसोटीवर घासणे अन्यायाचे आहे. आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. परंतु पाणी वाटणे ही क्रिया नियमाने होते आणि नियम भाषेतच असतो. नियमातील एका विभक्तीने गावातील काही घरे वाटपाच्या आत येतात वा बाहेर पडतात. म्हणून ती विभक्ती तपासणे हा व्याकरणाचा विलास ठरत नाही.

पाणी पंचायतीच्या योजना किती चालल्या व किती बंद पडल्या, एवढ्यावरच तिचे मूल्यमापन करणे अपुरे आहे. तिने मराठीत एक वाक्य शक्य केले: ‘हे पाणी या माणसाचे आहे, त्याला शेत असो वा नसो.’ ते वाक्य तिने अर्धवट सोडले, हेही तितकेच खरे. एकराऐवजी घनमाप, कुटुंबाऐवजी व्यक्ती, आणि हक्काबरोबर त्याच्या वापराची वाट, एवढी दुरुस्ती केल्यास ते वाक्य पूर्ण होऊ शकेल. नव्या संस्था आपल्या निवेदनांत पर्यावरण, समता व अर्थकारण यांचा एकत्र उच्चार करतात, तेव्हा अभ्यासकाने त्यांना प्रथम विचारावयाचा प्रश्न हाच: येथे पाणी कोणाचे आहे, आणि ते कोणत्या मापाने मोजले जाते?