हिरव्या पाटीचे गणित

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागले की बिडकीनच्या अलीकडे चितेगाव येते. एकेकाळी हे गाव व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे ओळखले जाई. आता बोलणे होते ते पुढच्या बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीविषयी. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर कंपनीने तेथे कारखाना उभारण्यासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. हायब्रीड आणि विजेवर चालणाऱ्या अशा दोन्ही तऱ्हेच्या मोटारी तेथे बनविण्याचा बेत आहे. एथर कंपनीनेही विजेच्या स्कूटरींसाठी त्याच वसाहतीची निवड केली आहे. म्हणजे ज्या दोन वाहनांविषयी आम्ही येथे लिहीत आहोत ती दोन्ही उद्या चितेगावच्या शेजारी, एकाच कुंपणात तयार होतील. त्यामुळे त्यांपैकी ‘स्वच्छ’ कोणते, हा प्रश्न तेथील वर्गात आज ना उद्या येणारच.

प्रश्नाचे ठरावीक उत्तर तयारही आहे. हायब्रीड गाडी ही मधली पायरी, वीजगाडी हे मुक्कामाचे ठिकाण. तेव्हा जुनी हायब्रीड विक्रेत्याला द्यावी, वर पैसे भरून वीजगाडी घ्यावी आणि हिरव्या नंबरपाटीने फिरावे. वीजगाडीला हिरवी पाटी मिळते, हायब्रीडला मात्र पेट्रोल-डिझेलच्या गाडीसारखी पांढरीच. जाहिरातींत ‘शून्य उत्सर्जन’ हे शब्द असतात. आमचा आक्षेप वीजगाडीला नाही, या शब्दांना आहे. गणिताच्या वहीत नुसते उत्तर लिहून रीत गाळली तर आपण गुण कापतो, आणि हिरव्या पाटीत नेमकी रीतच गाळलेली आहे.

आधी ‘हायब्रीड’ म्हणजे काय ते पाहू. (मराठवाड्याच्या शिवारात हा शब्द उच्चारला तर लोकांना आधी ज्वारी आठवते, आणि ते योग्यच आहे, कल्पना तीच, दोन वाणांचा संकर.) या गाडीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी जोडी असते. येथे ध्यानात ठेवायचे ते हे की, बाहेरून तार जोडून भारित न होणाऱ्या साध्या हायब्रीड गाडीत बाहेरची वीज मुळीच येत नाही. तिची सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलचीच. मग फायदा कोठून होतो? गर्दीत आणि सिग्नलला इंजिन बंद राहते. चालते तेव्हा ते ज्या वेगावर व भारावर कार्यक्षम असते त्याच्या जवळपास चालविले जाते. आणि ब्रेक लावताना चाकांची जी गतिज ऊर्जा एरवी उष्णता होऊन वाया जाते, तिच्यातला काही भाग मोटर जनित्रासारखे काम करून विद्युतघटात परत साठविते. घट लहानसा, साधारण एक युनिट साठविणारा. वीजगाडीचा घट तीस-चाळीस युनिटांचा किंवा त्याहून मोठा असतो.

आता रीत. एक लिटर पेट्रोलचे वस्तुमान सुमारे ७४० ग्रॅम असते आणि त्यात कार्बन साधारण ८६ टक्के, म्हणजे सुमारे ६३५ ग्रॅम. कार्बनचा अणुभार १२, कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४. ६३५ ला ४४ ने गुणून १२ ने भागले की सुमारे २.३ किलोग्रॅम उत्तर येते. एक लिटर पेट्रोल जळल्यावर त्याच्या तिपटीहून अधिक वजनाचा वायू बाहेर पडतो, याचे मुलांना नवल वाटते. प्राणवायू हवेतून आला हे सांगितले की उलगडा होतो. हायब्रीड गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर लिटरला २० किलोमीटर जाते असे धरू. कंपनीच्या प्रमाणित आकड्यापेक्षा आम्ही मुद्दाम बरेच कमी धरले आहे. तेव्हा किलोमीटरला ११५ ग्रॅम. तेल काढणे, आणणे, शुद्ध करणे यासाठी आणखी वीस टक्के धरले तर जवळपास १४० ग्रॅम.

वीजगाडीला शंभर किलोमीटरसाठी घरच्या मीटरवर १५ युनिटे लागतात असे धरू. तारांमधील गळती १५ टक्के धरली तर वीजकेंद्रातून सुमारे १७.६ युनिटे निघायला हवीत. भारतात एका युनिटामागे सरासरी ०.७२ किलोग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. केंद्रीय वीज प्राधिकरण हा आकडा दरवर्षी प्रसिद्ध करते आणि सौर, पवन व जलविद्युत हे सारे त्यात धरलेले असते. गुणाकार केल्यावर किलोमीटरला १२७ ग्रॅम येतात. पेट्रोलला शुद्धीकरणाचा भार लावला, तर कोळशाच्या खाणीचा व वाहतुकीचाही थोडा लावला पाहिजे. तो पाच टक्के धरून १३३.

म्हणजे १४० विरुद्ध १३३. धरलेल्या आकड्यांतच यापेक्षा मोठी चूक असू शकते, तेव्हा प्रामाणिक उत्तर ‘आज जवळजवळ सारखेच’ असे आहे. लिटरला १४ किलोमीटर देणारी साधी पेट्रोल गाडी याच रीतीने २०० ग्रॅमवर जाते. पेट्रोल गाडी सोडून या दोहोंपैकी कोणतीही घेतली तर फायदा ठळक आहे. हायब्रीड सोडून वीजगाडी घेण्याचा फायदा मात्र भिंगातून पाहावा लागतो.

असे का व्हावे? मोटर तर नव्वद टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम. पण मोटरच्या मागे परळी वैजनाथ, चंद्रपूर, कोराडी येथील बाष्पक उभे आहेत. कोळशातील उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होऊन बाहेर येतो, आणि तेवढ्याच उष्णतेसाठी कोळसा पेट्रोलपेक्षा अधिक कार्बन जाळतो. चितेगावात खांबावरून येणारी वीज परळीचीच, असे म्हणता येत नाही, कारण ग्रिडमध्ये साऱ्या केंद्रांची वीज एकत्र होते. पण मराठवाड्यातल्या मुलांना धुराडे दाखवायचे तर परळीचेच दाखवावे लागेल. त्या धुराड्याला पाणीही लागते. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले होते. गाडीच्या मागच्या नळीतून काही येत नाही हे खरे. नळी बीड जिल्ह्यात आहे, इतकेच.

यावर एक उत्तर दिले जाते: २०२५ मध्ये देशाच्या वीजक्षमतेचा निम्मा भाग बिगर-जीवाश्म झाला. हे खरे आहे, पण ही ‘स्थापित क्षमता’ झाली. रात्री सौर पट्ट्या स्वस्थ असतात, औष्णिक केंद्र चालूच असते. त्यामुळे प्रत्यक्ष निर्मितीत स्वच्छ विजेचा वाटा अजून चौथ्या हिश्श्याच्या आसपास आहे. वर्गात पन्नास मुले असणे आणि पन्नास मुले हजर असणे यांतला भेद शिक्षकांना वेगळा सांगायला नको.

घटाचा हिशेब अजून राहिलाच. तो बनविताना दर युनिट क्षमतेमागे ६० ते १०० किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो असे अंदाज आहेत. मधला ७५ घेतला तर चाळीस युनिटांच्या घटामागे तीन टन. किलोमीटरला ७ ग्रॅम वाचवून हे तीन टन फेडायचे तर चार लाख किलोमीटरहून अधिक धावावे लागेल. पेट्रोल गाडीच्या तुलनेत तीच फेड सुमारे ४५ हजार किलोमीटरमध्ये होते. त्यात जिची हायब्रीड आधीच दारात उभी आहे ती बनविण्याचा धूर होऊन गेला आहे. तिच्या जागी नवी गाडी घेतली की घटाबरोबर नव्या सांगाड्याचा भारही वाढतो.

घराच्या छतावर सौर पट्ट्या असतील तर? दिवसा त्यावर गाडी भारित केली तर तिचा आकडा फार खाली येतो, आणि ते करावेच. फक्त एवढे पाहावे की गाडी नसती तर तीच वीज ग्रिडला जाऊन कोठेतरी थोडा कोळसा वाचवीतच होती. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने हायब्रीडचा आकडाही आणखी खाली येईल. तो आम्ही धरलेला नाही, कारण त्यात उसाचे पाणी येते, आणि जायकवाडीच्या काठावर उसाच्या पाण्याचा हिशेब हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

वीजगाडीच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा दुसराच आहे, आणि जाहिरातींत तो क्वचित दिसतो. हायब्रीड गाडी विकत घेतल्या दिवशी जितकी स्वच्छ असते, त्याहून पुढे कधी स्वच्छ होत नाही. वीजगाडी मात्र ग्रिडबरोबर सुधारत जाते. ०.७२ चा आकडा निम्म्यावर आला तर वीजगाडीचे १३३ ग्रॅम ६६ होतील आणि तिचा घट चाळीस हजार किलोमीटरमध्ये फिटेल. गाडी दहा-पंधरा वर्षे चालते, त्यामुळे हा मुद्दा हवेतला नाही. शहराच्या हवेचाही लाभ खरा आहे: क्रांती चौकातल्या वाहतूक पोलिसाच्या नाकाशी वीजगाडीचा धूर येत नाही. म्हणून ज्यांची जुनी गाडी मोडीत निघाली आहे त्यांनी वीजगाडी घ्यावी, असे आम्ही म्हणू. तीन-चार वर्षांची चांगली हायब्रीड देऊन ती घेऊ नये, असेही म्हणू.

कारण दिलेली हायब्रीड नाहीशी होत नाही, हे अदलाबदलीच्या हिशेबात कोणी लिहीत नाही. ती दुसऱ्याकडे जाते. त्या दुसऱ्याने आपली धुरकट डिझेल जीप भंगारात काढली तर साऱ्या साखळीचा लाभ मोठा. त्याच्याकडे आधी गाडीच नसेल तर रस्त्यावर एक गाडी वाढली. हिरवी पाटी दोन्ही वेळा सारखीच हिरवी. ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या या शहरात एकाच वेळी दीडशे मर्सिडीज विकत घेतल्या गेल्या आणि देशभर त्याची बातमी झाली. २०२१-२२ मध्ये शहरातील उद्योजकांनीच एकत्र येऊन दोनशेहून अधिक वीजगाड्यांची मागणी नोंदविली. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा निश्चित चांगली. पण आधीच्या गाड्या कोठे गेल्या, हे विचारल्याशिवाय तिचे गुण देता येणार नाहीत.

शासनाचा हिशेबही तपासण्यासारखा आहे. वीजगाडीवर वस्तू व सेवा कर पाच टक्के. हायब्रीडवर सप्टेंबर २०२५ पर्यंत अधिभार धरून ४३ टक्के होता; त्यानंतर चार मीटरपेक्षा लांब असलेल्या हायब्रीडवर चाळीस टक्के आहे, आणि आपल्याकडील बहुतेक हायब्रीड तेवढ्या लांब आहेतच. लहान पेट्रोल गाडीवर अठरा. खनिज तेलाची आयात घटावी आणि घटांचा उद्योग देशात रुजावा म्हणून वीजगाडीला झुकते माप दिले, हे समजण्यासारखे आहे. पण पेट्रोल कमी पिणाऱ्या गाडीवर लहान पेट्रोल गाडीच्या दुपटीहून अधिक कर का, याचे समर्थन आम्हाला कार्बनच्या हिशेबात सापडत नाही. तो आकार पाहून लावलेला कर आहे.

आणि घट मोजकेच असतील तर ते आधी कोठे बसवावेत? एका वीजगाडीच्या चाळीस युनिटांत तीन युनिटांच्या तेरा स्कूटरी होतात. अशी स्कूटर शंभर किलोमीटरला तीन युनिटे घेते असे धरले, तर वरच्याच रीतीने किलोमीटरला सुमारे २७ ग्रॅम येतात. लिटरला ४५ किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोल स्कूटरचे सुमारे ६२. आजच्याच कोळशाच्या विजेवर निम्म्याहून कमी. चितेगावहून कारखान्यात जाणारा कामगार दुचाकीनेच जातो, आणि दिवसभर पैठणच्या रस्त्यावर ये-जा करणाऱ्या रिक्षा व काळ्या-पिवळ्या जिपा आठवड्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या घरच्या मोटारीच्या कित्येक पट धावतात. शाळेसमोरून तासाभरात यांतले काय किती गेले, हे आठवीच्या मुलांना मोजायला सांगावे. पुढचे गुणाकार वरच्या आकड्यांनी होतील, ०.७२ चा आकडा मात्र दरवर्षी नवा घ्यावा.